आमच्यात चालत नाही!

आमच्या घरात दारू चालत नाही. द्राक्षासव चालतं.

यातलं पहिलं वाक्य आम्ही लग्न जमवताना मोठ्यांदा बोलतो आणि दुसरं फडताळात ठेवतो. मी पडलो कॉमर्सचा पदवीधर, त्यातून बँकेतला कारकून. (हल्ली आम्हाला 'कस्टमर सर्व्हिस असोसिएट' म्हणतात. टोकन हरवलेला माणूस अजूनही "ओ कारकून!" म्हणूनच ओरडतो.) त्यामुळे मार्च महिना लागला की मला घरातल्या मालाचीही शिल्लक मोजावीशी वाटते. गेल्या मार्चअखेरीस मी आमच्या इंदिरानगरातल्या फ्लॅटमधलं औषधांचं फडताळ मोजायला घेतलं. द्राक्षासव, अर्धी बाटली, आईला भूक लागावी म्हणून. दशमूलारिष्ट, पाऊण बाटली, कन्येच्या वेळी सौ.साठी आणलेलं. कन्या आता अकरावीत आहे, पण आसव-अरिष्ट जितकं जुनं तितकं चांगलं, असं आई म्हणते. फ्रान्समधल्या म्हाताऱ्याही दुसऱ्या एका वस्तूबद्दल अगदी हेच म्हणत असतील. कुमारीआसव एक. लोहासव एक. होमिओपॅथीच्या मदर टिंक्चरच्या चपट्या मानेच्या लहानग्या बाटल्या तीन. शिवाय लेबल निघून गेलेली एक बाटली, जिचं बूच उघडल्यावर आजोबांची आठवण येते.

मी लेबलं वाचली. आसवांवर स्पष्ट छापलेलं असतं: स्वयंनिर्मित मद्यार्क, पाच ते दहा टक्के. बियरमध्ये साधारण पाच टक्के असतो, असं मी ऐकून आहे. (सहकाऱ्यांकडून.) म्हणजे ज्या घरात दारू चालत नाही त्या घरात बियरच्या दुप्पट ताकदीचा माल चार बाटल्या निघाला. मी आईला हे सांगितलं.

आई म्हणाली, "अरे, ते आपोआप झालेलं असतं."

स्वयंनिर्मित! स्वयंभू गणपतीसारखं. आपण काही केलेलं नाही, त्याने आपलं आपण केलं. बँकेत एखाद्याने "साहेब, ही एंट्री आपोआप पडली" असं सांगितलं तर त्याची खातेनिहाय चौकशी लागते. पण फडताळातल्या एंट्रीची चौकशी करायची पद्धत आपल्याकडे नाही.

आता माझं भांडण आसवांशी मुळीच नाही. जुन्या वैद्यांनी यातलं काहीही लपवलेलं नाही. चरकाने सूत्रस्थानात आसवांची गणती केली ती चौऱ्याऐंशी भरली. शार्ङ्गधराने तर प्रमाणच बांधून दिलं. कुठे माप सांगितलेलं नसेल तर एक द्रोण द्रवाला एक तुळा गूळ, गुळाच्या निम्मा मध आणि दहावा हिस्सा औषधी चूर्ण. मला ही कृती कमी आणि ताळेबंद जास्त वाटतो. मग त्यात धायटीची फुलं टाकायची, म्हणजे आंबण्याला सुरुवात होते, भांड्याचं तोंड बांधायचं आणि वाट बघायची. गुळातल्या साखरेचा मद्यार्क होतो, तो वनस्पतीतला गुण ओढून घेतो आणि तोच तिला टिकवतोही. काढा संध्याकाळी आंबतो, अरिष्ट वर्षानुवर्षं राहतं. ही खरोखर शहाणी युक्ती आहे. वैद्यांनी तिला मद्यातच मोजलं. त्याचं 'आपोआप' केलं ते आम्ही, मध्यमवर्गीयांनी.

तसे आम्ही एकटे नाही. एक चमचा ब्रँडी सर्दीसाठी, ती दारू नव्हे. इंग्लंडात १८५१ साली निघालेल्या ग्राईप वॉटरमध्येही एकेकाळी थोडा मद्यार्क असायचा, पुढे तो काढून टाकण्यात आला. म्हणजे इंग्रजांची कित्येक तान्ही बाळं पोटदुखी थांबली म्हणून नव्हे, तर वेगळ्याच कारणाने शांत झोपत असावीत.

आणि आपल्या सरकारने तर या बाबतीत विनोदी लेखकांच्या पोटावर पाय आणला आहे. १९४९ साली मुंबई राज्याने दारूबंदीचा कायदा केला. एफ. एन. बलसारा नावाचे गृहस्थ त्याविरुद्ध कोर्टात गेले आणि १९५१ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, बाकीचा कायदा बराचसा ठीक आहे, पण मद्यार्क असलेली औषधं आणि प्रसाधनं बाळगण्या-वापरण्यावर जी बंदी घातली आहे ती चालणार नाही. झालं! त्याच साली मुंबईत एका जीपने तीन माणसांना धक्का दिला. चालवणारे साहेब कोण, तर मुंबई विभागाचे हंगामी आर.टी.ओ.! तोंडाला वास येत होता. साहेब म्हणाले, मी दारू घेतलेली नाही, टॉनिक घेतलं आहे. खालच्या कोर्टाने सोडलं, हायकोर्टाने धरलं, आणि पेसिकाका खटला या नावाने हे टॉनिक सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. तिथे साहेब दारूबंदीच्या आरोपातून सुटले. पुढे १९५५ साली केंद्राने औषधी आणि प्रसाधनांवरच्या अबकारीचा कायदा केला. त्यात स्वयंनिर्मित मद्यार्काच्या औषधांचे दोन वर्ग पाडले होते: साध्या मद्यासारखी पिता येण्याजोगी आणि न येण्याजोगी. हे ठरवायला कुणीतरी बसलं असेल ना? त्या टेबलावर मला आजही अर्ज करावासा वाटतो.

आणि परवाना! महाराष्ट्रात दारू प्यायला कायद्याने परवाना लागतो, हे पुष्कळ पिणाऱ्यांनाही ठाऊक नसतं. एका दिवसाचा परवाना वर्षानुवर्षं पाच रुपयांना मिळत आला आहे. तो कशासाठी असतो माहीत आहे? आरोग्याचं जतन आणि संवर्धन करण्यासाठी! कायद्याच्या दृष्टीने महाराष्ट्रातला प्रत्येक पिणारा हा प्रकृतीची काळजी घेणारा माणूस आहे. म्हणजे आम्ही दारूला औषध म्हणतो त्यात आमचा तरी काय दोष? सरकारनेच छापून दिलं आहे.

हे सगळं मी वर्षभरापूर्वी लिहिलं असतं तर इथेच हसून संपवलं असतं. पण मध्ये आमचे मामा आले.

आमचे मामा म्हणजे आईचे धाकटे भाऊ. सत्तरी गाठलेली, सरकारी खात्यातून निवृत्त, जुन्या नाशकातल्या वाड्यात राहतात, रोज सकाळी काळारामाचं दर्शन. निवृत्त माणसाला एक तर प्राणायाम धरतो किंवा ज्योतिष. मामांना टिंक्चर धरलं. वनस्पतींचे अर्क घरी काढायचे! "अरे, पाण्यात काय उतरतं? साखर आणि डिंक. राळ, सुगंधी तेलं, अल्कलॉईडं, खरा ऐवज सगळा मद्यार्कात उतरतो. एक भाग वाळलेली मुळी, पाच भाग मद्यार्क, तपकिरी बाटली, तीन आठवडे अंधारात, रोज एकदा हलवायची. मग मलमलीतून गाळायचं. दहा थेंबांत काम!" मामांचं हे सगळं बरोबर होतं, हे मुद्दाम सांगतो. टिंक्चर असंच करतात. फक्त त्याला अर्क म्हणणं शास्त्राला धरून नाही. आयुर्वेदात अर्क म्हणजे ऊर्ध्वपातन करून, वाफ थंड करून काढलेला. त्यावरचा 'अर्कप्रकाश' हा ग्रंथ रावणाच्या नावावर मोडतो. हे मी मामांना सांगितलं तेव्हा ते काळारामाच्या दिशेने बघत म्हणाले, "मग राहू दे. टिंक्चरच म्हणू."

प्रश्न मद्यार्काचा होता. शुद्ध रेक्टिफाईड स्पिरिट परवान्याशिवाय मिळत नाही. घरी भट्टी लावणं हा तर सरळ गुन्हा. राहता राहिली व्होडका: चाळीस-बेचाळीस टक्के, रंग नाही, चव नाही, दुकानात उघड मिळते. टिंक्चरला अगदी पुरेशी. पण रविवार कारंजावर ज्यांना चार पिढ्या ओळखतात ते मामा दारूच्या दुकानात जाणार कसे? म्हणून ते एके दिवशी बँकेत आले. माझ्या काउंटरवर वाकले. मागे सोळा माणसांची रांग.

"अरे," मामा कुजबुजले, "ते रशियन आणशील का?"

"रशियन काय? सॅलड?"

"हळू बोल! औषधासाठी. अक्काचा खोकला जात नाहीये ना? ज्येष्ठमधाचं काढून देतो तिला."

"आणतो," मी म्हणालो.

आणि आणलं नाही. त्याचा हिशेब असा. गुरुवारी आमच्याकडे उपास. शुक्रवारी दुकानासमोर आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी स्कूटर लावून उभे होते. (ते तिथे का उभे होते, हे मला तेव्हा सुचलं नाही.) शनिवारी लक्षात आलं की दुकानदाराचं चालू खातं आमच्याच शाखेत आहे. रोज त्याची रोकड मोजून माझी बोटं काळी होतात, दिवाळीला आमचे मॅनेजर त्याच्या घरी मिठाई घेऊन जातात, पण म्हणून काय मी त्याच्या गल्ल्यासमोर उभं राहायचं? त्याच्या नोटा चालतात. बाटली कशी चालेल? रविवारी कन्या बरोबर होती. सोमवारी मामांचाच फोन आला: "राहू दे रे. माझी सोय झाली."

मी सुटकेचा श्वास टाकला. मी विचारलं नाही, कुठून झाली. हे एक वाक्य मला पुढे फार महाग पडलं.

तीन आठवड्यांनी मामा तपकिरी बाटली घेऊन आले. वर स्वतःच्या हाताने वळणदार अक्षरात लिहिलं होतं: 'ज्येष्ठमध. शुद्ध.' आईने रात्री बूच उघडलं, नाकाशी नेलं आणि हात लांब केला.

"ह्याला आपल्या नव्या कपाटाचा वास येतोय."

सौ.ने वास घेतला. मी घेतला. दिवाळीआधी कपाट करून घेतलं तेव्हा पॉलिशवाला आमच्या गॅलरीत बसून चपडा विरघळवायचा, तोच वास! मी मामांना फोन लावला. मामा खुशीत होते. हो, हार्डवेअरच्या दुकानातून आणलं. स्पिरिट म्हणजे स्पिरिट, त्यात काय? इंजेक्शनच्या आधी दंडाला लावतात तेच. दुकानदाराने 'किती देऊ' एवढंच विचारलं. वास थोडा उग्र आहे, पण औषध म्हटल्यावर वास असायचाच. "आणि मी स्वतःवर प्रयोग केल्याशिवाय अक्काला देईन होय? कालपासून दोन-दोन चमचे घेतोय. घसा काय मोकळा झालाय म्हणून सांगू!"

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो, कारण मलाही त्या रात्रीपर्यंत धड ठाऊक नव्हतं. कारखान्यांना आणि पॉलिशला लागणारं स्पिरिट लोकांनी पिऊ नये म्हणून त्यात मुद्दाम विषारी द्रव्यं मिसळलेली असतात. पिण्याच्या मालावर जबर कर, कामाच्या मालाला सवलत, तेव्हा सवलतीचा माल कुणी पिऊ नये यासाठी हा बंदोबस्त. त्या द्रव्यांत बहुधा मिथाईल अल्कोहोल असतं. वासाने, चवीने सामान्य माणसाला त्याचा फरक कळत नाही. पोटात गेल्यावर यकृत त्याचं आधी फॉर्माल्डिहाईड करतं आणि मग फॉर्मिक ॲसिड, आणि ते डोळ्यांच्या नसा जाळतं. गंमत अशी (गंमत कसली!) की पहिले बारा-चोवीस तास माणूस ठणठणीत दिसतो. घसाही मोकळा वाटतो.

आम्ही रिक्षाने वाड्यावर गेलो, मामांना उचललं आणि दवाखान्यात नेलं. तरुण डॉक्टरीण होती. तिने बाटलीचा वास घेतला आणि हसणं बंद केलं.

"आजोबा, धुकं दिसतंय का? समोर बर्फ पडल्यासारखं?"

"नाशकात बर्फ?" मामा म्हणाले. तरी त्यांचा आवाज लहान झाला होता.

रक्त घेतलं. डोळे तपासले. रात्रभर ठेवून घेतलं. मी बाहेर बाकावर बसलो होतो. तिला विचारलं, समजा, भिनलंच असेल तर उपाय काय? ती म्हणाली, फोमेपिझोल नावाचं इंजेक्शन असतं, ते सगळीकडे मिळत नाही. ते नसेल तर आयसीयूत ठेवून, मोजून मापून, इथाईल अल्कोहोल देतात. यकृत आधी ते पचवायला घेतं आणि तेवढ्यात विष शरीराबाहेर काढता येतं.

इथाईल अल्कोहोल. म्हणजे जी बाटली आणायची मला चार दिवस लाज वाटली, तिच्यातलीच वस्तू. मी त्या बाकावर बसून गुरुवार, शुक्रवार, शनिवार, रविवार असा उलटसुलट हिशेब करत होतो आणि तो काही केल्या जुळत नव्हता. रोकड कमी पडली तर कॅशियर स्वतःच्या खिशातून भरतो. इथे काय भरणार होतो?

मामा वाचले. पोटात गेलेलं प्रमाण फार थोडं होतं, डोळे शाबूत राहिले. सकाळी डॉक्टरीणबाईंनी आम्हा सर्वांना रांगेत उभं करून झापलं आणि जाता जाता आईची गोळ्यांची चिठ्ठी बघून आणखी एक बाँब टाकला. आईला रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत. अशा माणसाने ज्येष्ठमध रोज घ्यायचंच नाही, त्याने रक्तदाब चढतो आणि पोटॅशियम उतरतं. म्हणजे द्रावक चुकलं होतंच, द्रव्यही चुकलं होतं. नुसतं व्होडकात काढलं असतं तरी चुकलंच असतं. "पण वनस्पतीचं आहे हो," मामा क्षीणपणे म्हणाले. "बचनागही वनस्पतीच आहे," बाई म्हणाल्या, "आणि धोतराही." काढा पेलाभर प्यावा लागतो, म्हणून माणूस दोन दिवसांत कंटाळतो. टिंक्चरची पंचाईत हीच की थेंबात ऐवज जास्त आणि कंटाळा कमी. होमिओपॅथीच्या औषधात बारा टक्क्यांहून जास्त मद्यार्क असेल तर किरकोळीत तीस मिलिलिटरपेक्षा मोठी बाटली विकायला नियमाने बंदी आहे. फडताळातल्या त्या तीन बाटल्या एवढ्याशा का, ते मला तिथे कळलं. मी इतकी वर्षं समजत होतो की कंपनी चिक्कू आहे.

तेव्हा वाचकहो, माझं भांडण आहे ते या 'आमच्यात चालत नाही' शी. हे वाक्य सोज्वळ वाटतं, पण परवा मी त्याला विष होताना पाहिलं आहे. मामांना दारू प्यायची नव्हती. मला दारू प्यायची नव्हती. आम्हाला लागत होता अर्धा लिटर स्वच्छ मद्यार्क, तो सरकारी शिक्क्यानिशी चौकात मिळत होता, आणि आम्हा दोघांना लोकांच्या नजरेची भीती एवढी होती की एक म्हातारा माणूस हार्डवेअरच्या दुकानात गेला. जिथे जायला लाज वाटत नाही, तिथे विष मिळतं. ते सुटं विकण्यावरही कायद्याची बंधनं आहेत म्हणे. असतील. 'किती देऊ' एवढंच विचारलं गेलं हे खरं.

आणखी एक गोष्ट मला झोपू देत नाही. २०१५ च्या जूनमध्ये मुंबईत मालवणीला विषारी दारूने शंभरावर माणसं गेली. तेच मिथाईल अल्कोहोल. २०२१ च्या एप्रिलमध्ये वणीला (आपली सप्तशृंगीची वणी नव्हे, यवतमाळ जिल्ह्यातली) दुकानं बंद म्हणून सॅनिटायझर पिऊन माणसं मेली. तेव्हा मी बँकेत डबा खाताना काय म्हणालो होतो, ते मला आठवतं. "पितात कशाला?" म्हणालो होतो. आणि पुढची पोळी मोडली होती. मालवणीतले लोक 'दारू पिऊन' मेले. आमच्या मामांचं काही झालं असतं तर ते 'औषधाची रिॲक्शन येऊन' गेले असते. बाटली तीच, रसायन तेच. नुसतं खातं वेगळं.

कुणी म्हणेल, हा गृहस्थ दारूचा प्रचार करतो आहे. नाही हो. ज्या गावातल्या बायांनी मतदान घेऊन बाटली आडवी केली, त्यांच्यापुढे मी टोपी काढतो. (टोपी नाही, पण काढली असती.) त्यांच्या 'चालत नाही'मध्ये खोट नाही. बाटलीत काय असतं ते त्यांनी पाठीवर मोजलेलं असतं. त्या तिला दारू म्हणतात आणि दारू म्हणून हाकलतात. आम्ही तिला चमच्यात ओततो आणि आपोआप म्हणतो. या दोन 'चालत नाही'ना कृपा करून एका रकान्यात लिहू नका.

आणि हे सगळं कुठे, तर नाशकात! जिथे १९९९ साली सुला निघाली आणि त्यानंतर गंगापूर धरणाच्या बाजूला द्राक्षमळे बघायला मुंबईहून गाड्यांच्या रांगा लागल्या. २००१ साली सरकारने वाईनसाठी खास धोरण केलं. द्राक्षवाल्याची मुलं शिकली, बंगले झाले, त्यांची कर्जप्रकरणं मी स्वतः तपासून पुढे पाठवली आहेत. २०२२ च्या जानेवारीत मंत्रिमंडळाने सुपरमार्केटात वाईन ठेवायला मान्यता दिली तेव्हा आमच्या सोसायटीत दोन रात्री वादंग झाला. वाईन ही दारू आहे की शेतमाल? सेक्रेटरी दारूच्या बाजूने बोलले. म्हणजे वाईन ही दारूच आहे आणि ती गल्लीत येता कामा नये, अशा बाजूने. भाषण संपल्यावर त्यांनी खिशातून बाटली काढून दोन चमचे घेतले. द्राक्षासव. त्यांना ॲसिडिटी आहे. द्राक्षं तीच, निफाडची किंवा दिंडोरीची. गूळ घातला की ते आपल्यात येतं.

असो. मामा घरी आल्यावर दुसऱ्या शनिवारी, सुट्टीच्या दिवशी, भर अकरा वाजता मी दुकानात गेलो. पाच रुपयांची पावती मागून घेतली. दुकानदाराने ती कोरी पुस्तकं धूळ झटकून काढली. बहुधा कुणी मागतच नसावं. त्याने वर्तमानपत्रात बाटली गुंडाळायला घेतली. मी म्हणालो, "नको. तशीच द्या." तेवढ्यात शेजारून ओळखीचा आवाज आला. सेक्रेटरी! हातात रमची चपटी, वर्तमानपत्राचे तीन थर.

"केकसाठी," ते म्हणाले.

"माझीही," मी म्हणालो. आणि गंमत म्हणजे माझं खरं निघालं. कारण आता तिच्यात टिंक्चर काढायला कुणी तयार नव्हतं. आईचा खोकला तुळस-आल्याच्या काढ्याने आणि डॉक्टरीणबाईंच्या गोळीने गेला. मामांनी सगळ्या तपकिरी बाटल्या धुऊन त्यांत मनीप्लँट लावले. मग सौ.ने दक्षिणेकडून आलेल्या व्हॅनिलाच्या चार शेंगा मिळवल्या, उभ्या चिरल्या, व्होडकात बुडवल्या आणि फडताळात द्राक्षासवाशेजारी ठेवून दिल्या. दोन महिने विसरायच्या, म्हणाली. आईने बाटली उचलून पाहिली, सुपारीच्या डब्यातून पेन काढलं आणि चिकटपट्टीवर मोठ्या अक्षरात लिहिलं: 'दारू.'

"अगं अक्का," मामा कळवळले, "निदान मद्यार्क तरी लिही!"

"मला जोडाक्षर नीट दिसत नाही," आई म्हणाली.

गणपतीत सोसायटीच्या कार्यक्रमाला सौ.ने केक केला. सेक्रेटरींच्या मिसेसनी पहिला घास घेतला, डोळे मिटले. "काय वास आहे हो! काय घातलंय यात?"

सौ.ने माझ्याकडे पाहिलं. मी मामांकडे पाहिलं. मामा मनीप्लँटबद्दल कुणाशी तरी बोलू लागले.

"दारू," आई खुर्चीतून म्हणाली.

मंडपात क्षणभर सगळे चूप झाले. मग सेक्रेटरींनी ताटली पुढे केली आणि म्हणाले, "जरा कडेचा तुकडा द्या, वहिनी."